तापतो गिअरबॉक्स, दोष मात्र बाहेर

वाहन सल्ला : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची पत्रे जास्त आहेत, आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे : गिअरबॉक्स तापतो. जवळजवळ प्रत्येक पत्रात गॅरेजवाल्याने 'खोलून बघू' म्हटल्याचाही उल्लेख आहे. खोलण्याआधी काय बघायचे, ते खाली सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी २०१० सालची सात आसनी डिझेल गाडी आहे. ऑटोमॅटिक, पाच गिअर, फोर बाय फोर. धाव १,६०,००० किलोमीटर. केरीहून चोर्ला घाट चढताना वरच्या वळणांवर ट्रान्समिशन तेलाचा दिवा पेटतो. इंजिन बंद करून वीस-पंचवीस मिनिटे थांबलो की विझतो आणि पुढे बेळगावपर्यंत काही होत नाही. सपाटीवर कधीच त्रास नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध असतो. मेकॅनिक ओव्हरहॉल सांगतो. करावे का? (साखळी)

उत्तर : आत्ताच करू नका. थंड झाल्यावर गाडी पहिल्यासारखी ओढते, गिअर घसरत नाहीत, बदलताना धक्का नाही, असे असेल तर आतल्या क्लच प्लेटा अजून शाबूत असण्याची शक्यता जास्त. फक्त घाटातच तापणे याचा सरळ अर्थ असा, की उष्णता जेवढी तयार होते तेवढी बाहेर पडत नाही. ती बाहेर टाकणारी यंत्रणा जवळजवळ सगळी गिअरबॉक्सच्या बाहेर आहे.

ऑटोमॅटिकमध्ये उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात, तयार होते. इंजिनाकडचे पंखे वेगाने फिरतात, गिअरबॉक्सकडचे मागे राहतात आणि मधले तेल घुसळले जाते. वेग वाढला की लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र जोडतो आणि हे घुसळणे थांबते. चोर्ल्याच्या वळणांवर ताशी २०-२५ किलोमीटरने, भरल्या गाडीने, एसी लावून चढताना लॉक-अप लागतच नाही. म्हणजे तिथे तेल तापणारच. नीट चालणाऱ्या गाडीत ते सपाटीवर ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते, घाटात ११०पर्यंत गेले तरी घाबरण्याचे कारण नाही. १२०च्या पुढे तेल करपायला लागते, त्याहून वर गेले की रबरी सील कडक होतात. दिवा पेटतो तोवर बहुतेक गाड्यांत १३० अंशांची हद्द ओलांडलेली असते. म्हणून दिव्याच्या भरवशावर राहू नका, मोजा.

मोजण्याचे दोन मार्ग आहेत. एक, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती देणाऱ्या) बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर. तुमच्या मॉडेलचे ट्रान्समिशन तापमान दाखवणारे ॲप मिळाले तर उत्तमच. दुसरा, इन्फ्रारेड थर्मामीटर. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचे, बहुतेक वेळा कमीच तापमान दाखवतो. म्हणून गिअरबॉक्सच्या चेंबरवर (तळाच्या तेलाच्या भांड्यावर) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या दोन्ही पाइपांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा. इंजिनाच्या काट्यावरही फार विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत कुलंट १५-२० अंशांनी वरखाली झाले तरी तो मध्यावरच ठेवलेला असतो.

आता तेल. सपाट जागी, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवून पुन्हा 'पी'वर आणा आणि मग डिपस्टिक काढा. (तुमच्या गाडीला डिपस्टिक नसेल तर बाजूच्या प्लगवरून ठरावीक तापमानाला पातळी बघतात, ते काम लिफ्टवरच होते.) पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तरी तेवढेच वाईट, कारण फिरणारे भाग तेलाचा फेस करतात, आणि फेसाने ना दाब तयार होतो ना उष्णता वाहून नेली जाते. 'थोडे जास्त असलेले बरे' हा गॅरेजांतला समज ऑटोमॅटिकला लागू नाही.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. लाल किंवा विटकरी असला तर ठीक. काळपट आणि करपट वासाचा असला तर प्लेटा झिजल्या आहेत. गुलाबी दुधासारखा असला तर गाडी त्याच जागी उभी ठेवा : रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कुलंट तेलात मिसळले आहे. किनारपट्टीवर रेडिएटर वेळेआधी गंजतात, त्यामुळे ही शक्यता आपल्याकडे गृहीत धरावी. अशा तेलावर गाडी चालवली तर प्लेटांवरचे अस्तर गोंद सुटल्यासारखे निघते, आणि मग ओव्हरहॉल टळत नाही.

तेल ठीक असेल तर हवेची वाट बघा. तुमच्या पत्त्यावरून माझा पहिला संशय इथेच आहे. साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचते, पावसाचे पाणी लागले की तिचा गिलावा होतो. पुढून बघितले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, चिखल त्याच्या मागे असतो. रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो दोन बोटे मागे झुकवा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने उजेड कुठे येत नाही ते पाहा. धुताना साध्या नळीने, इंजिनाकडून पुढच्या दिशेने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप जवळून लावला तर पत्र्या दुमडतात आणि असलेली वाटही बंद होते. पुढच्या जाळीवर बसवलेले जादा दिवे, रुंद बंपर, मधोमध अडकवलेली नंबरप्लेट, यांतले काय हवा अडवते तेही बघून घ्या. एसीने बाहेर टाकलेल्या उष्णतेने तापलेली हवाच रेडिएटरला मिळते, हेही विसरू नका.

पट्ट्यावर फिरणारा पंखा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला पकडणारा) तपासा. इंजिन गरम असताना बंद करा, मगच पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला, किंवा क्लचच्या तोंडावर तेलकट धूळ जमली असली, तर तो गेला. याचा परिणाम नेमका घाटातच दिसतो, कारण सपाटीवर गाडीच्या वेगानेच हवा मिळते.

यानंतर कूलरमधला प्रवाह. कूलरहून गिअरबॉक्सकडे परतणारा पाइप (गरम असताना दोन्हींपैकी कमी तापलेला तो) गिअरबॉक्सजवळ सोडा, त्याला नळी जोडून ती मापाच्या डब्यात धरा. इंजिन आयडलवर चालू करा. गरम तेल असताना साधारण २० ते ३० सेकंदांत एक लिटर यायला हवे. नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. एक लिटर झाले की लगेच इंजिन बंद, नाहीतर पंप कोरडा पडेल. तेवढेच तेल परत भरा. धार बारीक असली तर हीच चाचणी कूलरच्या आधीच्या पाइपवर करा. तिथे धार जोरात असेल तर कूलर किंवा मधली नळी तुंबली आहे. तिथेही बारीक असेल तर फिल्टर, पंप किंवा दाबाचा व्हॉल्व्ह. बाहेरून धडधाकट दिसणारी रबरी नळी आतून सुटून झडपेसारखी बंद होते, ही शक्यता मेकॅनिक सर्रास विसरतात.

लॉक-अपची चाचणी फुकट आहे. धारगळसारख्या सरळ रस्त्यावर, गर्दी नसताना, शेवटच्या गिअरात ताशी ७०-८० वेग स्थिर ठेवा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवे लागण्यापुरता. मागे गाडी असताना हा प्रयोग करू नका. आरपीएम २०० ते ४००ने चढून पाय काढल्यावर पुन्हा खाली आला तर लॉक-अप काम करतो. काहीच हलले नाही तर तो लागतच नाही. तेव्हा गिअरबॉक्सकडे जाण्याआधी दोन स्वस्त भाग बघा. ब्रेक लाइटचा स्विच अडकला असेल तर कॉम्प्युटरला वाटते की ब्रेक दाबलेलाच आहे. दुसरा थर्मोस्टॅट : 'आपल्याकडे थंडी कुठे' म्हणून तो काढून टाकायची सवय पुष्कळ गॅरेजांना आहे. मग इंजिन पुरेसे गरमच होत नाही, आणि इंजिन थंड आहे असे समजून कॉम्प्युटर लॉक-अप रोखून धरतो. थंडी असो नसो, थर्मोस्टॅट लागतो.

हे सगळे ठीक निघाले तर चेंबर उतरवा. चुंबकावर करडी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज असते. चकाकणारे तुकडे किंवा तळाला काळा भुगा दिसला तर मेकॅनिकचे म्हणणे खरे. गाडी जागेवरून उठताना मंद आणि पुढे ठीक असेल, तर कन्व्हर्टरच्या स्टेटरचा (आत तेल वळवणाऱ्या पंख्याचा) एकदिश, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा, क्लच घसरतोय. उठते चांगली पण वेग धरत नाही आणि हायवेवर तापते, तर तोच क्लच जाम झालाय. दोन्हींत कन्व्हर्टर बदलावा लागतो.

ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबून करायची स्टॉल टेस्ट मात्र या वयाच्या गाडीवर करू देऊ नका. पाच सेकंदांत तेल कितीतरी अंशांनी चढते, आणि तिच्यातून कळते ते वरच्या तपासणीतून कळलेलेच असते.

जाळीमागे जागा असेल तर प्लेट पद्धतीचा जादा कूलर बसवून घ्या. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग त्यातून गिअरबॉक्सकडे जाईल अशी जोडणी हवी, आणि नळी ट्रान्समिशन तेलासाठी बनवलेलीच हवी. पेट्रोलची नळी या तापाला टिकत नाही.

घाटात गिअर 'डी'वर सोडून देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्यात अडकवून इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवा. कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते आणि पंप-पंखा दोन्ही जोरात चालतात. दिवा पेटलाच तर सुरक्षित जागी थांबा, एसी बंद करा, 'पी'वर ठेवून इंजिन १,०००-१,२०० आरपीएमवर चालू राहू द्या. तुम्ही इंजिन बंद करता, तिथेच तेलाचा कूलरमधला प्रवाहही थांबतो आणि कन्व्हर्टरमधले तेल जागच्या जागी भाजत राहते.

प्रश्न : गाडीची ऑटोमॅटिक 'लाइफटाइम' तेलाची, म्हणजे तेल कधीच न बदलायची, आहे असे सांगितले जाते. एके ठिकाणी मशीनने फ्लश करून देतो म्हणतात. (मडगाव)

उत्तर : दहा-बारा वर्षांच्या गाडीत तेल बदलायलाच हवे. पण मशीनच्या फ्लशपेक्षा चेंबर उघडून, फिल्टर बदलून टप्प्याटप्प्याने केलेला बदल मला पसंत आहे. चेंबरमधून साधारण ३ ते ५ लिटरच निघते, एकूण तेल ९ ते ११ लिटर असते. उरलेले कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. निघाले ते मोजा, तेवढेच भरा, १००-२०० किलोमीटर चालवून पुन्हा तसेच करा. तीन वेळा केले की बहुतेक तेल नवे होते. तेलाचा प्रकार मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्या. डेक्सरॉन ३, मर्कॉन ५, एसपी-३, टोयोटाचे डब्ल्यूएस यांचा रंग लालच असतो, गुण एक नसतात. गिअर आधीच घसरत असतील तर नव्या तेलाने ते बरे होणार नाहीत, हे पैसे देण्याआधी लक्षात घ्या.

प्रश्न : कुळेला माझी जुनी मॅन्युअल जीप आहे, हंगामात नदीतून ये-जा असते. गिअर लिव्हरपाशी पत्रा इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. गिअर ऑइल दर महिन्याला अर्धा लिटर घालावे लागते, पण जीप उभी असते तिथे जमिनीवर थेंब नाही. तेल जाते कुठे? (कुळे)

उत्तर : शेजारी, ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत). गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या मधल्या शाफ्टवरचे सील गेले की गिअरबॉक्स रिकामा होत जातो आणि ट्रान्सफर केस गरजेपेक्षा जास्त भरते. मग दोन्ही तापतात : एकात तेल नाही म्हणून, दुसऱ्यात तेल जास्त घुसळले जाते म्हणून. जास्तीचे तेल ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) उडून खालच्या पत्र्याला लागते, म्हणून जमीन कोरडी.

खात्री करणे सोपे आहे. जीप सपाटीवर आणि थंड असताना दोन्ही घरांचे भरायचे प्लग उघडा. पातळी भोकाच्या खालच्या काठाला हवी. ट्रान्सफर केसमधून तेल भळभळ वाहिले आणि गिअरबॉक्सच्या भोकात करंगळी घालूनही लागले नाही, तर दुसरे काही शोधायला नको. एक सूचना : कधीही आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा, तेल काढायचा. वर्षानुवर्षे पाण्यात भिजलेला प्लग गंजून फिरत नाही, आणि खालचा काढून तेल सांडल्यावर हे कळले तर जीप तिथेच अडकते.

दुसरी बाजू ब्रीदरची. तापलेला गिअरबॉक्स नदीच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर उघडा आणि उंच असेल तर ती वरून हवा घेते. चिखलाने बंद असेल तर सीलच्या ओठांतून पाणी ओढते. पुढे तेच घर तापले की दाब बाहेर ढकलतो आणि तीच सीले फाटतात. म्हणजे सील बदलून ब्रीदर तसाच ठेवला तर पुढच्या हंगामात पुन्हा हेच. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरना नळी जोडून ती बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या) वरच्या भागापर्यंत न्या, टोक खाली वाकवा. तेल दुधाळ दिसले तर एका बदलाने भागत नाही : नवे घाला, ३०-४० किलोमीटर चालवा, ते काढून पुन्हा नवे.

तेल ८०डब्ल्यू-९० चालते, पण जीएल-४ की जीएल-५ (या गिअर ऑइलच्या प्रती) ते मॅन्युअलवरून ठरवा. पितळी सिंक्रो (गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सांना जीएल-५मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये मानवत नाहीत. ॲक्सलला मात्र जीएल-५ लागते. एकाच डब्यातून सगळीकडे ओतण्याची पद्धत सोयीची आहे, बरोबर नाही.

आणि खाली शिरलाच आहात तर दोन गोष्टी बघा. जुन्या जीपना हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. लायनर थोडे जरी घासत असेल तरी सगळी उष्णता त्या घरात जाते. हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये, मागची दोन्ही चाके उचलून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. घासल्याचा आवाज यायला नको. दुसरे, सायलेन्सर पाइपवरचा पत्रा. खाऱ्या दमट हवेत तो सर्वांत आधी गळून पडतो आणि मग पाइपची धग सरळ पायाखालच्या पत्र्याला लागते. पाय भाजतो म्हणून गिअरबॉक्सला दोष, असे होऊ नये; थर्मामीटरने दोन्ही जागा वेगवेगळ्या मोजा.

प्रश्न : पावसात पकड मिळावी म्हणून डांबरी रस्त्यावरही फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीची रेंज) ठेवतो. अलीकडे मागचे दोन टायर (२३५/७० आर १६) नवे घातले. आता ट्रान्सफर केस खूप तापते, वळताना गाडी अडखळते आणि लिव्हर टू-हायमध्ये (फक्त दोन चाकांवर) येत नाही. (मांद्रे)

उत्तर : तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जुळणी) नाही. फोर-हायमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधलेले असतात, पण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत टायर घसरून हा फरक निघून जातो. डांबरावर, ओले असले तरी, तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साचतो. ट्रान्सफर केसची साखळी किंवा गिअर तो पीळ सोसतात आणि तापतात.

त्यात टायर. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर धरू, जुन्याची ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात सुमारे ३१. तुमचे टायर २३५/७० आर १६चे आहेत. घेर साधारण २.३ मीटर. म्हणजे सरळ रस्त्यावरही दर फेरीला सव्वा टक्क्याहून जास्त फरक, न थांबता. फोर बाय फोरला चारही टायर एकाच आकाराचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे लागतात. तूर्त दोनच परवडत असतील तर फोर-व्हील-ड्राइव्ह फक्त चिखलात लावा, आणि चारही टायरांतली हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवा.

लिव्हर ओढून तोडू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर हाताच्या जोराने निघेल. नाही निघाला तर एक चाक जॅकवर उचला, ते आपोआप थोडे फिरेल. त्यानंतर ट्रान्सफर केसचे तेल काढून बघा. त्यात पितळी किंवा पोलादी कण असले तर साखळी ताणलेली असण्याची शक्यता आहे, आणि ते घर उघडावेच लागेल.

प्रश्न : शापोराच्या उतारावरून ट्रेलरवरची बोट ऑटोमॅटिक गाडीने वर ओढताना करपट वास येतो. (शिवोली)

उत्तर : आधी वास कशाचा ते ठरवा. उताराच्या डोक्यावर थांबून चाकांजवळ वास घ्या, ब्रेक करपत असतील तर तिथे जास्त येईल. डिपस्टिकलाही तोच वास असेल तर कन्व्हर्टर घुसळतोय. उपाय तुमच्या गाडीतच आहे : फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी खालची रेंज. खालच्या रेंजमध्ये कन्व्हर्टरवरचा भार कमी होतो, त्यामुळे तेवढीच बोट कमी आरपीएमवर, कमी घसरणीत वर येते. शेवाळलेल्या ओल्या उतारावर फोर-लो चालते, फक्त डांबर लागले की लगेच बाहेर काढा. ओढताना ॲक्सिलरेटर दाबून गाडी उतारावर 'धरून' ठेवू नका. थांबायचे तर ब्रेक. मागची चाके खाऱ्या पाण्यात जात असतील तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, गिअरबॉक्सच्या कूलर पाइपांसकट. पाइपाला जिथे पत्र्याचा क्लॅम्प धरतो तिथेच तो आधी गंजतो, आणि भोक दिसेपर्यंत तेल निम्मे गेलेले असते.